पेटी लंकाबाईला, सुनीलला नाही

मी, कुशाबा सावळेराम भोर, वय ६३, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार वारूळवाडी, ता. जुन्नर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दृष्टी अधू झाली आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट लिहू नका असेच घरचे सांगणे आहे.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नी साळुबाई हिची, तिच्या पश्चात मुलगी उज्ज्वला हिची. पुढच्या कलमांची अंमलबजावणी उज्ज्वलाने करावी.

२. माझ्या मयत बहिणीचा मुलगा सुनील याला काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे साळुबाईला कोणी विचारत बसणार नाही. बहीण गेली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. आमच्याकडे वाढला, माझ्याजवळ बसून पेटी शिकला, मास्तर झाला. १९९६ साली खटपट करून मीच त्याला माझ्या शाळेवर, घाटघरकडच्या उंबरमाळ वाडीवर आणले.

त्या शाळेत १९९१ पासून रोजचा शेवटचा तास मी गाण्याचा ठेवला होता. पहिलीत बहिरूची लंका होती. बोलताना इतकी अडखळायची, की पोरे हसत, म्हणून तिने शाळेत बोलणेच सोडले होते. एक दिवस मी पेटीवर दोनचा पाढा चालीत धरला आणि ती न अडखळता वीसपर्यंत गेली. बहिरू खिडकीबाहेर उभा होता. म्हणाला, "गुरुजी, हे आमच्या लंकीनंच म्हणलं व्हय?" चौथीत ती धडा मोठ्याने वाचायची.

२००२ साली गाण्याच्या तासावरून माझ्याविरुद्ध निनावी अर्ज गेला. चौकशीला साहेब आले. मी आधारासाठी सुनीलकडे पाहिले. तो म्हणाला, "साहेब, मुलांना वाचता येत नाही. दिवसभर गाणीच चालतात." मुलांना वाचता येत होते आणि हे त्याला माहीत होते. मग साहेबांनी अर्ज माझ्या हाती दिला. अक्षर सुनीलचे. ते वळण मीच त्याच्याकडून गिरवून घेतले होते. माझी बदली झाली, गाण्याचा तास बंद झाला आणि शाळा सुनीलच्या ताब्यात गेली. माझी पेटी त्याने खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांमागे टाकली. निवृत्त झाल्यावर आणायला गेलो, तर उंदरांनी भाता कुरतडलेला.

साळुबाई म्हणते, "आपलंच लेकरू हाय, सोडून द्या." परक्याने केले असते तर सोडले असते.

३. पेटीला पुण्याहून नवा भाता बसवून आणला आहे. ती, तबला-डग्गा आणि चालींच्या अकरा वह्या लंकाबाई बहिरू साबळे हिला द्याव्यात. ती आता वाडीवर अंगणवाडी चालवते; बुजऱ्या पोरांना आधी गायला लावते, मग बोलायला. वह्या जपून ठेवू नयेत. वापरून फाटल्या तरी चालतील.

४. माझ्या दहाव्याला सुनीलने भाषण करू नये. तो चांगले बोलतो, लोकांना खरे वाटेल.

५. गेल्या महिन्यात तो सात वर्षांनी घरी आला. त्याची मुलगी अक्षदा नारायणगावात दुसरीत आहे. म्हणाला, "मामा, तिला पेटी शिकवा. गाण्यानं पोरांचं अभ्यासात ध्यान लागतं." मी विचारले, "हे साहेबांना का नाही सांगितलंस?" तो चपला घालू लागला. मी म्हटले, शनिवारी तिला उंबरमाळला लंकाबाईच्या अंगणवाडीत आण, वाडीच्या पोरांत बसवून शिकवतो. तो पुन्हा आला नाही.

तरी अक्षदा कधी आपण होऊन लंकाबाईच्या दारात गेली, तर तिला शिकवावे. बापाचे नाव विचारू नये.

हा मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

स्थळ : वारूळवाडी
दिनांक : ८ नोव्हेंबर २००९

सही : कुशाबा सावळेराम भोर

साक्षीदार :
१. सोपान भगवंत वाजगे, शेजारी
२. भागू सावळाराम लांडे, निवृत्त शाळा शिपाई