साहेबांच्या मुलीची टेस्ट

२२ जुलै २००६, मोन्टाना

अप्पा,

अठरा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. रोजची वही भरत आले. तिच्यात विद्यार्थी, दुखणी, पाहुणे सगळं आलं. तुमच्याबद्दल मात्र दोन वाक्यांपुढे कधी गेले नाही. तिसऱ्या वाक्याला राग यायचा, आणि गेलेल्या माणसावर रागावणं बरं दिसत नाही म्हणून पान उलटायचे. आज राग शोधून पाहिला, सापडला नाही.

आम्ही एका मोटेलच्या खोलीत आहोत. तुमचे जावई आरशाजवळच्या प्लगला कुकर लावून भात शिजवताहेत आणि वाफेनं छतावरचा धुराचा भोंगा वाजू नये म्हणून टॉवेलनं वारा घालताहेत. मेतकूट बाहेर काढून ठेवलं आहे. तुमच्यासमोर मी यांना 'अहो' म्हणायचे, आता 'अरे' म्हणते. तेवढं चालवून घ्या. पश्चिम किनाऱ्याजवळच्या बॉथेल गावी यांच्या कंपनीचं सहा महिन्यांचं काम आहे, मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेऊन आले. काल निघालो. डोंगराच्या अलीकडे ओलं शेवाळ, पलीकडे उतरलं की दोन तासांत कोरडा माळ, मग गहू, इतका गहू की बघून थकायला होतं. आज जंगल, नद्या, आणि दुपारनंतर फक्त आभाळ. आजचे चारशे मैल झाले. सगळे मी चालवले.

आरटीओत असताना तुम्ही ज्या मैदानावर टेस्ट घ्यायचात तिथे आता काय आहे कोण जाणे. माझ्या डोळ्यांसमोर अजून तेच: मी बावीस वर्षांची आहे, ड्रायव्हिंग स्कूलची फियाट, शेजारी तुम्ही, मांडीवर कागद. चहाच्या टपरीशी स्कूलवाले उभे आहेत. दुसरे इन्स्पेक्टर त्या दिवशी हजर होते, माझी फाइल त्यांच्याकडे देता आली असती. मी तसं आदल्या दिवशी म्हटलंही होतं. "मग म्हणतील, साहेबांनी सांगून ठेवलं," एवढंच तुम्ही बोललात. रस्त्यावर एक सायकलवाला मध्ये आला, मी उशिरा ब्रेक दाबला, गाडी आचका देऊन बंद पडली. परत आल्यावर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "बॉनेटपुढचा चार हात रस्ता बघतेस. लांब बघत नाहीस. नापास." टपरीवरचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "साहेबांनी पोरीलाही सोडलं नाही बघा!" त्याच्या आवाजात कौतुक होतं. ते कौतुक गावभर फिरलं, तुम्ही निवृत्त झालात तेव्हाच्या भाषणातही आलं. मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून एकच विचारायचं होतं: मी वाईट चालवली म्हणून नापास केलंत, की मी तुमची मुलगी म्हणून? आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांचं त्यांना माहीत." तुम्हाला विचारलं नाही. त्याऐवजी वर्षभरानं शेजारच्या जिल्ह्यात जाऊन एजंटकडून लायसन्स काढलं. टेस्ट नाही, गाडीला हातही लावला नाही. तुम्ही हयात होतात. ज्या सहीला तुम्ही जन्मभर इतके जपलात, ती मी अशी आणली आणि साड्यांखाली ठेवली. सूड होता का? त्या वयात मी त्याला स्वाभिमान म्हणत होते.

इकडे येताना त्याच लायसन्सवर आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला. पण बॉथेलमध्ये गाडीत बसले आणि किल्ली फिरवता येईना. पुण्यात इतकी वर्षं चालवली तेव्हा हात असा अडला नव्हता. हे म्हणाले, "अगं, कायद्यानं चालतंय ना यार, मग काय प्रॉब्लेम आहे?"

"मला तपासलेलंच नाही कोणी."

"पंधरा वर्षं मी शेजारी बसतोय, मी तपासतोय की! ओरडतो ते काय उगाच?"

तरी मी तिथल्या लायसन्सच्या ऑफिसात टेस्टसाठी नाव घातलं. परीक्षा घ्यायला एक साठीची बाई आली, उन्हानं रापलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. हसली नाही. वीस मिनिटं डावीकडे, उजवीकडे, थांबा, मागे घ्या. माझ्या ब्लाउजची पाठ घामानं चिकटली होती. शेवटी गाडी उभी करायला सांगून तिनं कागदावर खुणा केल्या आणि म्हणाली, "तुम्ही फार जवळचं बघता. गाडीच्या नाकासमोरचं. त्यामुळे ब्रेक उशिरा लागतो. लांब बघायची सवय करा." मग कागद माझ्या हातात दिला. "इतकी वाईट नाही. पास."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तिला वाटलं पास झाल्याचं रडतेय, तिनं खिशातला कागदी रुमाल काढून दिला. अप्पा, त्या बाईला मी कोणाची मुलगी हे ठाऊक नव्हतं. तिला कोणाचं तोंड बंद करायचं नव्हतं. तिला जे दिसलं तेच तुम्हाला दिसलं होतं. एवढ्याशा गोष्टीनं इतकं हलकं वाटावं याची मला लाज वाटली, पण वाटलं खरं. फाइल दुसऱ्यांकडे द्यायला हवी होतीत, हे मी अजूनही म्हणेन. पण नापास मी झाले होते. ते कोणाला दाखवण्यासाठी केलेलं नव्हतं.

आज दुपारी रस्ता सरळ क्षितिजापर्यंत गेला होता, जवळ बघण्यासारखं काही नव्हतंच. हे शेजारी तोंड उघडं टाकून झोपले होते. एकदाही ओरडले नाहीत.

एक सांगायचं राहिलं. गाडीतून उतरताना त्या बाईनं विचारलं, "शिकवलं कोणी?" मी म्हटलं, "वडिलांनी." ते खोटं आहे. शिकवलं स्कूलवाल्यानं, तुम्ही माझ्या शेजारी त्या एका दिवशी बसलात, तेवढंच. तिच्यामागे जाऊन दुरुस्त करावं असं वाटलं. गेले नाही.

भात झाला, हाक येते आहे. हे पान वहीतच राहू दे.

उद्या: निघण्याआधी पुढच्या काचेवरचे किडे धुऊन काढायचे.