सांगणारं माणूस

सावदा,
५ डिसेंबर १९९९

प्रिय पंडित,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. अक्काचं पत्र आलं की एक तर कुणाचं लग्न ठरलेलं असतं नाहीतर कुणी गेलेलं असतं, असं तू बायकोला, कुंदाला सांगत असतोस, मला ठाऊक आहे. तर बाबा, कुणी गेलेलं नाही. सगळे हातीपायी धड आहेत. यंदा थंडी लवकर पडली, केळीची पानं पिवळी दिसायला लागली, म्हणून तुझे दाजी साऱ्या जगावर चिडलेत आणि जग म्हणजे घरात मी एकटीच सापडते. लताला पाचवा महिना लागलाय. सुनेला डोहाळे कसले, तर भाजक्या शेंगदाण्यांचे. दिवसभर ओच्यात हात आणि तोंड चालू. घरभर टरफलं पडतात आणि मी ओरडले की हसते. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? पहिल्या वाक्याला चेष्टा आणि दुसऱ्या वाक्याला ‘बरं अक्का, ठेवतो’. म्हणून लिहायला बसले. हे तू एकट्यानं वाच. कॉलेजला निघायच्या घाईत असशील तर आत्ता ठेवून दे आणि संध्याकाळी वाच.

आपल्या घरातल्या त्या दुखण्याबद्दल लिहायचंय. आई आठवते तुला, तशी मलाही रोज आठवते. सत्तेचाळिसावं लागलं आणि ती ‘भोळी’ झाली. आपल्याकडचा शब्दच तो, झिपरूमामा भोळा झाला, त्याच्या आधी आजी भोळी झाली, जसं काही देवाने चांगला गुण दिलाय! त्या होळीला आईने पुरणात गुळाच्या जागी मीठ ओतलं होतं. सगळी पंगत थुंकायला लागली आणि आई काय म्हणाली? ‘पाहात होती मी, कोनाच्या ध्यानात येतं ते.’ आणि सगळे हसले तशी तीही हसली, पण आधी एकेकाच्या तोंडाकडे बघून, किती हसायचंय ते ठरवून. मी तेव्हा माहेरपणाला आले होते. ते हसणं मी अजून विसरले नाही.

मग सुरू झाले बाहेरचे उपाय. नानांनी, तिच्या नवऱ्यानेच, तिला थेट पिंपळनेरच्या पलीकडे त्या भगताकडे नेलं, तू बरोबर होतास, पंधरा-सोळा वर्षांचा. परत आलास तेव्हा दोन दिवस जेवला नाहीस. भगताने तिला धुरात बसवलं, केस ओढले, लिंबं कापली आणि ती एकच विचारत राहिली, ‘मी काय केलं? माझं काय चुकलं?’ तिला वाटायचं आपल्या हातून काही पाप झालंय म्हणून सगळे आपल्यामागे कुजबुजतात. आम्ही सगळे तिच्यामागे बोलायचो रे, पण तिच्या समोर कुणी बसलं नाही. बाई, तुला आजार आहे, तुझा दोष नाही, एवढं एक वाक्य तिला कुणी दिलं नाही. हे मी म्हणत नाही, तूच म्हणालास, तिच्या दहाव्याला, नदीवरून परत येताना.

आणि मग तुझा तो मास्तरकीचा किडा! तिकडे कॉलेजात इंटरनेट का काय ते आलं आणि गेल्या वर्षी तू ती मंडळी शोधून काढलीस. ज्यांच्या घरात हे दुखणं रक्तातून उतरतं अशी जगभरातली माणसं, एकमेकांना कॉम्प्युटरवरून पत्रं लिहिणारी. आई-बापापैकी एकाला असलं की प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता, छापा नाहीतर काटा, हे मला पहिल्यांदा तिथूनच कळलं. त्या रात्री मी तुझ्या दाजींना काही सांगितलं नाही, नुसती पडून राहिले. पण खरं सांगू का, बरंही वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं, हे फक्त आपल्याच घराला लागलेलं काहीतरी आहे. आणि तिकडे आयर्लंडातली एक शाळामास्तरीण, तिच्या आईने म्हणे विसरू नये म्हणून लिहिलेल्या चिठ्ठ्या दुधाच्या भांड्यात ठेवल्या होत्या. ऑस्ट्रेलियातला तो मेंढ्यावाला, वाट विसरलेल्या बापाच्या मागे रानभर फिरणारा. मी तुला मराठीत लिहून पाठवायची, तू इंग्रजीत टाकायचास, त्यांची उत्तरं छापून पोस्टाने मला पाठवायचास. मेंढ्यावाल्याने आपल्या भरताची रीत मागितली आणि कपाशीच्या काड्या मिळेनात म्हणून वांगी भट्टीत घालून कोळसा केली, ते वाचून मी इतकी हसले की दाजी बाहेरून आत आले. त्या लोकांना मी कधी बघणार नाही, पण माझ्या जावांपेक्षा ते मला जवळचे वाटतात. जावांना सांगू नकोस.

त्यांच्यात एक रीत आहे, तुला माहीत आहेच, तरी लिहिते. प्रत्येकाने आपलं एक सांगणारं माणूस निवडायचं. दुखण्याने डोकं वर काढलं तर ज्याला होतं त्याला कळत नाही आणि घरचे लपवतात. म्हणून आधीच, शहाणपण शाबूत असताना, एकाला हक्क देऊन ठेवायचा, की तुला दिसलं तर तू मला सांग. तुझं नाव मी घेतलं आणि माझं तू घेतलंस. कुणाला विचारायचीही गरज पडली नाही. वर तू अट घातलीस. अक्का, रडून सांगायचं नाही, चारचौघांत सांगायचं नाही, भांडल्यासारखं सांगायचं. तेव्हा मी म्हटलं होतं, मी मोठी, माझा नंबर आधी, तूच तयारी कर.

पण माझं ते वय उलटून गेलं, पंडित. चौपन्न झाले. अजून मला प्रत्येक भाचराची जन्मवेळ सांगता येते आणि तुझ्या दाजींनी कुठल्या साली काय बोलून दुखवलं ते तारखेनिशी सांगता येतं. लोक म्हणतात अक्काची स्मरणशक्ती म्हणजे काय! त्यांना काय माहीत, दर वर्षी वाढदिवसाला मी देवापुढे दिवा लावून काय मागत होते. मागितलं ते मिळालं बहुतेक. आणि मिळाल्यावर तोंडात कडू चव आली. आपण दोघंच होतो, मी निम्म्या वाट्याचं सुख उचललं तर उरलं काय ते मला कळतं ना.

आता भरीत पार्टीचं बोलू. गेल्या पंधरवड्यात आपल्या बागेत झाली, तू आलास. दर वर्षी तू येतोस आणि दर वर्षी भरीत तूच करतोस, दुसऱ्याला हात लावू देत नाहीस. बामणोदची वांगी हातात घेऊन वजनाने ओळखणार, टोचे मारणार, तेलाचा हात फिरवणार, काड्यांचा जाळ कसा लावायचा यावर अर्धा तास भाषण देणार. यंदाही भाषण दिलंस, वाटोळे बसलेले सगळे ऐकत होते. काड्या पेटल्या. जाळ छान लागला. आणि तू ती वांगी, कच्चीच, देठांसकट, बडगीच्या लाकडी भांड्यात टाकलीस आणि मुसळ घेऊन ठेचायला लागलास. जाळ शेजारी एकटाच जळत होता. माझे दीर रुपचंदभाऊ ओरडले, ‘मास्तर, आज कच्चंच खाऊ घालता का आमाले?’ सगळे खो खो हसले. तू थांबलास. मुसळाकडे बघितलंस. मग एकेकाच्या तोंडाकडे बघितलंस आणि हसलास. आणि म्हणालास, ‘पाहत होतो, कुणाच्या ध्यानात येतं ते.’

माझ्या हातातली पुऱ्यांची परात खाली पडली. सगळ्यांना वाटलं चटका बसला.

मीही हसले त्या वेळी. म्हटलं, आमचा मास्तर आहेच नाटक्या. पुढची वांगी रुपचंदभाऊंनी भाजली, भरीत झालं, लोक जेवले, तूही पोटभर जेवलास. निघताना तू मला विचारलंस, सावद्याहून भुसावळची गाडी कुठून सुटते. ज्या स्टँडवर तू लहानपणापासून चढलास-उतरलास! मी हात धरून नेऊन बसवलं आणि गाडी गेल्यावर तिथेच बाकावर बसून राहिले. मनाला समजावत होते, माणूस दमतो, पेपर तपासून डोकं उठतं, कुणाचंही होतं. आठ दिवस समजावलं. तेवढ्यात तुझा फोन आला, कुंदाची बदली शिरपूरला होतेय म्हणून. मी काळजी केली, चार शब्द बोलले. तासाभराने परत तुझा फोन, कुंदाची बदली होतेय म्हणून. आवाजात तीच घाई, तीच बातमी.

मला त्या मंडळींना विचारायचं होतं. पण विचारू कशी? माझा त्यांच्याशी बोलायचा रस्ता म्हणजे तूच! माझी पत्रं तूच इंग्रजीत घालणार. तुझ्याबद्दल मी तुझ्याच हाताने लिहून घेऊ? शेवटी लताला घेऊन जळगावला गेले. तिकडे नवीपेठेत एक इंटरनेटचं दुकान निघालंय, तासावर पैसे घेतात. तुझ्या जुन्या छापील कागदांवर पत्ता होता. पोटुशी पोर, कॉम्प्युटरनी भरलेल्या त्या लहानशा खोलीत उकडत होतं, तरी तिने शोधून काढलं. तिथे जुनी सगळी पत्रं साठवलेली असतात म्हणे. लता वाचायला लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आई, मामांनी हेच पत्र परत परत लिहिलंय.’

तुला आठवत नसेल म्हणून सांगते. पावसाळ्यापासून तू मला कागद पाठवणं बंद केलंस, मला वाटलं कामात असशील. तू तिकडे लिहीतच होतास. दर थोड्या दिवसांनी एकच पत्र. ‘मी पंडित, भारतातल्या धुळ्याचा, शिकवतो. माझ्या आईला हे दुखणं होतं. मी तुमच्यात नवीन आहे.’ आणि खाली प्रत्येक वेळी, ‘माझी सांगणारी, माझी मोठी बहीण, अक्का.’ आणि ऐक, पंडित, त्या लोकांनी काय केलं ते ऐक. एकानेही म्हटलं नाही की अरे, हे तू आधी लिहिलंयस. दर वेळी मास्तरीण लिहायची, ये पंडित, बरं झालं आलास, आईबद्दल सांग. मेंढ्यावाला दर वेळी विचारायचा, तुमच्याकडे भरीत कसं करतात? आणि तू दर वेळी सगळं सांगायचास, काड्यांपासून. लता एकेक वाचून मराठीत सांगत होती आणि मी त्या दुकानात पदर तोंडात कोंबून रडले. तुझी अट मोडली, पण तुझ्यासमोर नाही.

लताकडून मी दोनच ओळी लिहून घेतल्या. मी अक्का, त्याची बहीण, मला दिसलंय. थोड्याच वेळात मास्तरणीचं उत्तर आलं, तिकडे सकाळ होती. ती म्हणाली, आम्ही तुमचीच वाट बघत होतो. आम्हाला केव्हाच कळलं होतं, पण सांगणं आमच्या हातात नव्हतं. त्याने तुमचं नाव दिलंय.

तर हे त्यासाठी लिहिलं. भांडल्यासारखं सांगायचं ठरलं होतं, तशी कंबर कसून बसलेय. पंडित, तुला आईचं दुखणं सुरू झालंय, मला दिसतंय. मी डॉक्टर नाही, मोठ्या डॉक्टरकडे आपण जाऊ, तपासण्या होतील, माझं चुकीचं निघालं तर मी तुमच्या अख्ख्या देवपुरात पेढे वाटीन आणि तू जन्मभर मला चिडव. पण मला वाटत नाही मी चुकलेय. आणि दुसरं वाक्य, जे आईला कुणी दिलं नाही. तुझा यात काही दोष नाही. तू काही केलं नाहीस. तुझ्यामागे कुणी कुजबुजणार नाही, जे बोलायचं ते तुझ्यासमोर बसून बोलू, अजून तुला सगळं कळतंय तोवर तुलाच विचारून ठरवू. कुंदाला काय सांगायचं, पोरांना कधी सांगायचं, नोकरी किती दिवस, सगळं तू ठरव. गुरुवारी मी येतेय. भांड माझ्याशी, रागाव, दार लावून घे, मी पायरीवर बसेन. फोनवर सांगितलं असतं तर हवेत गेलं असतं, म्हणून कागदावर लिहिलंय. हे पत्र जपून ठेव. विसरलास तर परत वाच. आणि पत्रही हरवलं, आणि मला येऊन विचारलंस, अक्का, मला काय झालंय, तर मी असं म्हणणार नाही की अरे, तुला सांगितलं होतं. मी तुझ्या समोर बसेन, आणि पहिल्यांदाच सांगतेय असं सांगेन.

तुझीच सांगणारी,
अक्का