झुकलेला शिक्का

१ सप्टेंबर
आजपासून नगर कार्यालयाची वेबसाइट माझ्या ताब्यात. संकल्प: महिनाअखेर ती आंधळ्यांना, बहिऱ्यांना, सगळ्यांना वापरता आली पाहिजे. तोकुनागा साहेब म्हणाले, करा, पण माझ्या डोक्याला ताप नको.

३ सप्टेंबर
व्हीलचेअरचं निळं चित्र टाकलं. अक्षरं मोठी करायचं बटण टाकलं. काम जवळजवळ संपलं. लोक उगाच बाऊ करतात.

५ सप्टेंबर
मोगामीबाईंचा फोन. बाई नदीकाठी एकट्या राहतात, मालिश करतात, डोळ्यांनी अजिबात दिसत नाही. माझी पाठ कित्येक वर्षं त्यांच्याच हातात आहे. म्हणाल्या, अहो शिरानेभाऊ, मोबाइल मला सगळं वाचून दाखवतो, तुमच्या सूचनांवर मात्र नुसतं 'चित्र, चित्र' करतो. उद्या पूर आला तर मी काय चित्रात जाऊन बसू?
समजावलं. सूचना छापायची, माझ्यापासून साहेबांपर्यंत प्रत्येकाच्या नावाचे शिक्के घ्यायचे, स्कॅन करून चढवायची. बिनशिक्क्याच्या सूचनेला कुत्रं विचारत नाही. त्या म्हणाल्या, शिक्के तुमचे तुम्ही बघा हो, मला मजकूर तेवढा टाइप करून द्या. सोमवारी नक्की, असं सांगितलं.

८ सप्टेंबर, सोमवार
टाइप केलेली सूचना साहेबांना दाखवली. म्हणाले, शिक्का कुठे मारू, स्क्रीनवर? बिनतोड. त्यात कागदावरचा माझा शिक्का सरळ उमटला. तो साहेबांच्या शिक्क्याकडे जरा झुकलेला हवा, वाकून नमस्कार केल्यासारखा. परत छापलं. दिवस त्यातच गेला.

११ सप्टेंबर
दक्षिणेकडून वादळ निघालंय म्हणे. वळेल. दरवर्षी वळतं. बाईंनी विचारलं, झालं का हो? म्हटलं, झाल्यातच जमा. म्हणाल्या, पावसात गावचा भोंगा ऐकू येत नाही, आता तुमच्यावरच भिस्त. बरं वाटलं. कामाची कदर आहे.

१३ सप्टेंबर, दुपार
वळलं नाही. नदी गढूळ, पुलाला झाडं येऊन अडकतायत. 'नदीकाठ ताबडतोब सोडा' ही सूचना तयार, पण साहेब जेवायला गेलेले. थांबलो. नियम तो नियम. ते आले, शिक्के झाले. माझा इतका सुरेख कधी झुकला नव्हता! स्कॅन करून चढवली. बाईंना फोन करणार होतो. पण मग वेबसाइट कशाला आहे?

१५ सप्टेंबर
शाळेच्या जिममध्ये अख्खा नदीकाठ आसऱ्याला आलाय. मोगामीबाई नाहीत. त्यांच्या घरात छपरापर्यंत गाळ. शेजारी म्हणतात, आम्हाला वाटलं कार्यालयाने कळवलं असेल. कळवलंच होतं.

१६ सप्टेंबर
शोध चालू. साहेबांच्या हुकमावरून सूचना काढली: 'मोगामीबाई, हे कळल्यास कार्यालयाशी संपर्क साधावा.' सगळे शिक्के घेतले. स्कॅन केली. चढवली.
घरी आलो. मोबाइलचं वाचून दाखवणं पहिल्यांदाच सुरू केलं, डोळे मिटले, सूचनेवर बोट ठेवलं. चित्र, तो म्हणाला. पुन्हा ठेवलं. चित्र.
पाठ फार दुखतेय आज.