पलीकडची खिडकी

माय, आज नातवानं रसवंतीवर नेलं आणि मला पुन्हा तुझा राग आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येतो, हे तुला तरी ठाऊक होतं का?

अड्याळच्या अलीकडे, सगळ्या धानाच्या बांध्यांमध्ये मालकाचा तेवढाच ऊस. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. तू कोयत्यानं पार बुडाशी वाकून तोडायचीस, मी शेंडे छाटून मोळी बांधायची. उसाचं पातं कापतं म्हणून हाताला चिंध्या गुंडाळायचो, पण डोळ्यांना काय गुंडाळणार? तू वाकलीस आणि पात्याचं टोक सरळ उजव्या डोळ्यात गेलं. बाजूला लेकराला पाजत बसलेली बाई धावत आली. तिनं तुझा डोळा उघडून त्यात आपल्या दुधाची धार सोडली. तेव्हा सगळे तसंच करायचे. तू डोळ्यावर पदर बांधलास आणि पुन्हा कोयता उचललास.

"माय, दवाखान्यात चाल ना वं," मी रडून राहिले.

"कायले? गुऱ्हाळाची कढई चढली हाये. ऊस नाही पोचला त उद्या आपल्याले कोन बोलावन? बांध मोळी."

बांधली. दुसरं काय करणार होते मी? बैलगाडी भरून गुऱ्हाळाकडे गेली, दवाखान्याच्या उलट्या दिशेनं. अस्सा संताप होतो अजून! तुझा, त्या कढईचा. त्या बाईचा मात्र नाही, तिच्यापाशी होतं ते तिनं दिलं.

डोळा पांढरा पडला तेव्हा कुठं भंडाऱ्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, उशीर केला. मग दुसराही मंदावत गेला. चुलीपाशी सगळं चाचपून करतेस, आणि मी काही बोलले की खेकसतेस, "दिसते ना मले! काहून मागे लागतेस?"

लग्नानंतर मी सासरी निघाले तेव्हा तू स्टँडवर आलीस. बस हलली. मी पुढं बसलेली, आणि तू मागच्या खिडकीकडे तोंड करून हात हलवतेस, डोळे पुसतेस. हाक मारली असती तर चारचौघांत तुझं झाकलेलं उघडं पडलं असतं. मी उठले, बोचकी तुडवत, लोकांच्या शिव्या खात मागे गेले आणि त्या खिडकीतून हात बाहेर काढला.

"पोचली का सांगून पाठवजो वं," तू ओरडलीस.

हे कुठल्या पत्त्यावर धाडू? एवढंच सांगायचं राहिलं, माय. ती खिडकी माझी नव्हती. तिथं एक अनोळखी म्हातारा बसला होता. मी पोचेपर्यंत त्यानंच तुला हात हलवला होता.