कपाटाची गळती-चाचणी

सोमवार, ४ नोव्हेंबर
हिच्या निधनानंतर आज प्रथमच मन पूर्णतः स्थिर आहे. कपाट उघडले असता हिच्या कपड्यांना येणारा वास पूर्वीपेक्षा क्षीण झाल्याचे आढळले. हा शोकाचा नव्हे, गळतीचा प्रश्न आहे. आणि गळती हा माझा विषय आहे. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, पोलादातूनसुद्धा झिरपतो. त्याला कोंडून ठेवणाऱ्या पेट्या मी आयुष्यभर बनवीत आलो. त्यापुढे एका स्वेटरचा वास म्हणजे दर्यात खसखस.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
कपाटाच्या दाराला फट बुजवणारे रबरी गॅस्केट बसवले. कामावरचा वेल्डर मदतीस आला होता. साहेब, तिजोरी करताय की काय, असे त्याने विचारले. कसर लागू नये म्हणून, असे मी सांगितले. लागणार नाही साहेब, गुदमरूनच मरेल, असे तो म्हणाला. वेल्डरांच्या विनोदाची पातळी खालावत चालली आहे.
साबणाच्या पाण्याने चाचणी घेतली. एकही बुडबुडा नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर
आत दमटपणा आढळला. हे अपेक्षितच होते (असे आता वाटते). आमच्या पेट्यांत आतील हवा पंपाने सतत फिरवतात व शोषकाच्या डब्यातून गाळून पुन्हा आत सोडतात. तीच रचना केली. छोटा पंप, दोन नळ्या, कोळशाचा डबा. कोळसा उच्च प्रतीचा. हवेत जे भेटेल ते शोषून घेतो. वेल्डरला दाखवले. त्याने डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चहा मागितला.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
मुलीचा फोन. आईचा निळा स्वेटर न्यायला रविवारी येते म्हणाली. दार उघडताच आतील वासाचा ऱ्हास होतो, सबब तिने नवा स्वेटर घ्यावा, पैसे मी देईन, असे कळवले. बाबा, स्वेटर माझ्याकडे ढीगभर आहेत, असे ती म्हणाली. जेवलात का, असे तिने विचारले. जेवलो, असे सांगितले. बिस्किटे हाही आहारच आहे.
निर्धार : रविवारी ठाम राहणे.

रविवार, १७ नोव्हेंबर. सकाळ
ठाम राहिलो. चहा होईपर्यंत.
दार एकदाच आणि अल्पकाळ उघडावे, अशी तडजोड झाली. मुलीने स्वेटरमध्ये तोंड खुपसले. काही वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, बाबा, याला कसलाच वास येत नाहीये. तुला सर्दी झाली असावी, असे मी सुचवले. स्वतः हुंगून पाहिले. मग शाल. मग रुमाल.
या डब्यात काय आहे, असे तिने विचारले. कोळसा, असे मी सांगितले. अहो बाबा, फ्रिजमधला वास जावा म्हणून लोक काय ठेवतात, असे ती म्हणाली.
रचना बिनचूक होती. पेटीच्या हवेत ट्रिटियम शिल्लक राहू नये, यासाठीच तर ती असते.

दुपार
आशा सोडलेली नाही. आमच्याकडे ट्रिटियम शोषणारा धातू तापवला की गिळलेला वायू परत देतो. कोळशाने का देऊ नये? डबा ओव्हनमध्ये ठेवला. आम्ही दोघे समोर स्टुलांवर बसलो.
डब्याचे रबरी वायसर काढायचे राहून गेले होते.
मुलीने खिडक्या उघडल्या. आईने आज तुम्हाला ओव्हनसकट बाहेर काढलं असतं, असे म्हणत ती हसू लागली. मीही हसलो. नंतर ती हसत नव्हती. मी पाणी आणून दिले.

सोमवार, १८ नोव्हेंबर
काल जाताना मुलीने स्वेटर नेला. बाकीचे कपडे पिशव्यांत भरले. आता ते कोणालाही द्यावयास हरकत नाही, असे मीच म्हणालो. तेही घेऊन ती गेली.
पंप बंद केला. घरात इतकी शांतता झाली की स्वयंपाकघरातील नळ गळत असल्याचे ध्यानात आले. केव्हापासून गळतो आहे, कोण जाणे.
पंप पुन्हा सुरू केला. कपाट रिकामे आहे. परंतु रिकाम्या पेटीचीही चाचणी घ्यावी लागते.