एकोणिसावी फळी

सोमवार, ९ मार्च

प्रिय दादा,

तू बरा असशीलच. नसलास तरी मला सांगणार नाहीस, म्हणून वहिनीला वेगळं विचारेन. तिचा गुडघा आता कसा आहे? छोटीने पाठवलेलं चित्र मिळालं. त्यात आत्याचं नाक चांगलं फूटपट्टीएवढं लांब आहे आणि तिच्या वडिलांनी तिला अजिबात अडवलेलं दिसत नाही. मी ते टेबलासमोर लावलं आहे.

फोन असताना हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी फार सफाईने बोलते, एवढंच आत्ता सांगते.

आजपासून मंडप उतरवायला घेतला. ग्रंथालयाच्या अंगणात तो सहा आठवडे उभा होता. आतल्या वाचनदालनाचं छत दुरुस्त होऊन परवा दार उघडलं, आणि बाहेर बसणारे वाचक पुस्तकं काखेत मारून निमूटपणे आत गेले. एक म्हातारे गृहस्थ मात्र गेले नाहीत. “आतल्या खुर्च्यांना पाठ टेकली की ती ‘नीट बस’ म्हणते. तुमचा बाक काही बोलत नाही,” असं म्हणाले. दादा, वीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाखाली इमारतींचे नकाशे काढले, पण अशी पावती कधी मिळाली नव्हती.

तुला फोटो पाठवले होते, पण जोड त्यात दिसत नाहीत आणि तू आधी जोडच बघतोस. उभे खांब म्हणजे बांधकामावर चढायला बांधतात त्या परांचीचे लोखंडी पाइप. त्यांना आडव्या तुझ्या फळ्या: काही छताला, काही पाठीला, बाकीच्या बसायला. फळी आणि पाइप यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे फळी घसरत नाही आणि लोखंड तिला चावत नाही. वरून ट्रकवाले माल आवळतात तो पट्टा, आणि पट्ट्याखाली लाकडी पाचर. पाचर ठोकली की सगळं ताठ, काढली की सगळं सुटं. कुठे खिळा नाही, भोक नाही, डिंक नाही. पाइप परांचीवाल्या काकांचे, पट्टे टेम्पोवाल्याचे, ताडपत्री एका गोदामाची आणि फळ्या तुझ्या. दारात मी एक पाटी लावली होती: “इथली प्रत्येक वस्तू उसनी आहे. जशी आली तशीच ती परत जाईल.”

लोक त्या पाटीसमोर उभे राहून फोटो काढायचे. मी त्या वेळी दुसरीकडे काहीतरी काम शोधायचे.

त्या चोवीस फळ्या तू मला कशा दिल्यास ते मी विसरलेले नाही. बाबांनी घेतलेलं लाकूड, अकरा वर्षं सावलीत उलटंपालटं करून वाळवलेलं, वरच्या खोलीच्या जमिनीसाठी. बारा फुटी खोली, बारा फुटी फळी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकही सांधा नाही. बाबांचा हट्ट आणि नंतर तुझा. मी मागितल्या तेव्हा तू दाढी खाजवलीस आणि म्हणालास, “ने. जमीन उन्हाळ्यात बसवू. आणि बसवायला तू यायचंस, नुसता नकाशा पाठवायचा नाही.” वहिनी आतून ओरडली, “आणि कापू नका हो वन्सं!” आपण तिघंही हसलो होतो.

दादा, मी एक कापली. एकोणिसावी. चार इंच.

आता हे लिहून झालंय, तर सगळंच लिहिते.

मंडपाची मागची बाजू अंगणातल्या दोन दगडी खांबांमध्ये बसवायची होती. अंतर मी स्वतः मोजलं, उभ्याने, छातीच्या उंचीवर, वहीत लिहायला सोयीचं पडतं तिथे. बारा फूट आणि वर बोटभर. फळी अलगद बसायला हवी होती. पण खांब खाली रुंद होत गेलेले. बाकाच्या उंचीला दोन्हीकडून दोन-दोन इंच आत आलेले, आणि बाक काही कोणी छातीच्या उंचीवर ठेवत नाही. वस्तू जिथे बसणार तिथेच माप घ्यायचं, हे तू मला मी नऊ वर्षांची असताना सांगितलं होतंस.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता ते लक्षात आलं. परांचीवाले काका म्हणाले, “बाई, पट्टे सोडू. अख्खा सांगाडा हातभर पुढे घेऊ. चार माणसं, दोन तास. चहा तेवढा पाजा.”

तेवढ्यात ग्रंथपाल बाई विश्वस्तांना घेऊन आल्या. “हा मंडप बघा, यात मापाची कमाल आहे,” असं त्यांना सांगत होत्या. आणि माझ्या हातात ती न बसणारी फळी.

मी करवत मागितली. काका म्हणाले, “उसनी आहे ना?”

“चारच इंच.”

“मी नाही कापायचो. माझ्या हाताला सवय लागेल.” आणि ते पाठ करून पट्टे गुंडाळत बसले. मग मीच कापली. लाकूड इतकं छान वाळलेलं होतं की करवत कुठे अडलीसुद्धा नाही. अडली असती तर कदाचित थांबले असते, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. वेळ होता, दादा. माणसं होती. चार अनोळखी माणसांसमोर माझं माप चुकलेलं दिसू नये, एवढ्यासाठी तुझी फळी आखूड झाली.

इथवर निदान चूक होती. पुढचं चुकून झालं नाही.

प्रत्येक फळीच्या टोकाला तू सुतारी पेन्सिलीने आकडा घातला होतास. कापलेल्या तुकड्याबरोबर तुझा १९ गेला. आठवड्याने तुझा फोन आला, “कशा आहेत फळ्या?” मी म्हणाले, “मजेत. तुझी आठवण काढतात.” तू हसलास. त्याच दुपारी मी कागदावर तुझा नऊ गिरवला. तू त्याची शेपटी जरा जास्तच खाली ओढतोस. चौथ्यांदा जमला तेव्हा नव्या टोकावर लिहून टाकला. हुबेहूब आला. जमीन बसवेपर्यंत तुला कळलं नसतं, आणि कळलं असतं तेव्हा तू स्वतःच्याच मापावर शंका घेतली असतीस. मला तेच हवं होतं. आज पाचर काढून ती फळी हातात घेतली, तो आकडा पाहिला आणि पॉलिशपेपरने घासून टाकला.

ही फळी कशी भरून काढायची, याचे तीन उपाय माझ्या डोक्यात आहेत. एकही लिहीत नाही. तुझी जमीन आहे, तू ठरव. तुकडा लाव, नवं लाकूड आण, नाहीतर तिथे भोक ठेव आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं नाव सांग.

मला भीती त्या चार इंचांची नाही. तुझ्या “असू दे”ची आहे. लहानपणी तुझा रंधा मी खिळ्यावर चालवला आणि पातं तुटलं, तेव्हा तू पात्याकडे बघून “असू दे” म्हणालास. मी सुटले असं वाटलं. पण त्यानंतर तू कधी रंधा माझ्या हातात दिला नाहीस. मी कार्यशाळेच्या दाराशी बसून कागदावर रेघा मारायला लागले ती तेव्हापासून. त्या रेघांवर माझं पोट चालतं, तक्रार नाही. पण तू त्या दिवशी माझ्यावर ओरडला असतास तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

टेम्पो शनिवारी सकाळी निघेल. चालकाशेजारी मी असेन. एकोणिसावी सगळ्यांत वर ठेवली आहे, शोधावी लागू नये म्हणून. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. मध्ये दोन दिवस आहेत, ते मुद्दाम ठेवले आहेत. माझं तोंड समोर आलं की तू राग गिळतोस, मला माहीत आहे. या वेळी गिळू नकोस. तो साठवून ठेव आणि मी उतरले की दारातच काढ. वहिनी मध्ये पडली तर मीच तिला बाजूला हो म्हणेन.

आणि सगळं बोलून झाल्यावर, वाटलं तर, एक टोक तू धर, एक मी धरते. नाही वाटलं तर फळ्या उतरवून त्याच टेम्पोने परत जाईन.

तुझ्या ओरडण्याची वाट बघणारी,
तुझी धाकटी बहीण