मे उजाडेपर्यंत कुदळ लावू नये

मी, मोरेश्वर गणपत कासार, वय एक्याऐंशी, शिक्षण सातवी, हल्ली मुक्काम मुलगा केदार याच्या घरी, शॉमबर्ग, इलिनॉय, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता लिहून ठेवतो, की माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे. रक्तदाब सकाळी पाहिला आहे, ठीक आहे.

१. श्रीरामपूरचे घर व बँकेतील शिल्लक केदारला. साखर कारखान्यात फिटर होतो तेव्हाची पाना-पक्कडीची पेटी सून रेणू हिला. केदारला नळाचा वॉशरही बदलता येत नाही. त्याने राग धरू नये.

२. मागच्या अंगणात मेपलच्या सावलीत मी लावलेला होस्टा आहे, शोभेच्या पानांचे झाड. अळूसारखी तळहाताएवढी पाने, हिरवी, कडेने पांढरी. तो नात अंतरा हिला.

पहिल्याच थंडीत तो पार नाहीसा झाला. अंतरा म्हणाली, "आजोबा, इट्स डेड." मला जेवण जाईना. वाटले, माझ्याच हातून पाणी जास्त झाले. मग मे महिन्यात त्याच काळ्या मातीतून पेन्सिलीसारखी टोके वर आली. एकेक पान उलगडले, तर पांढरा काठ आत आधीच काढून ठेवलेला! बर्फाखाली, अंधारात, कोणी काढला? जन्मभर यंत्रे उघडून पाहिली, पण याला हात लावायची छाती झाली नाही. चपला काढून उभा राहिलो.

३. केदार तिथे डेक, म्हणजे बसायला लाकडी ओटा, बांधणार आहे. मार्चमध्ये माणसे येणार. परवा म्हणाला, "बाबा, बघा ना, तिथे काहीच नाहीये." नोव्हेंबरात दिसणार कसे? मी असलो तर आडवा पडेन. नसलो तर काय, या धास्तीने झोप येत नाही. म्हणून मे उजाडेपर्यंत तिथे कुदळ लावू नये. कोंब दिसले की अंतराने ते मातीसकट दुसऱ्या सावलीत न्यावेत. मग डेक खुशाल बांधावा.

४. एखादा कोंब नुसता हिरवा निघाला तर मुळासकट वेगळा करावा. तो दांडगा असतो, काठवाल्यांना दाबतो. पण फेकू नये, कुंपणापाशी लावावा. त्याचा काय गुन्हा?

५. शेजारचे गुरुनाथ यांनी अळू समजून वड्यांसाठी पाने मागितली होती. "काका, चार द्या की!" त्यांना काही देऊ नये. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातले तसेही काही मिळत नाही, म्हणूनच त्यांना साक्षीदार केले आहे.

६. अंतरा, मे लागला की रोज सकाळी जाऊन बघ. उशीर झाला तरी 'डेड' म्हणू नकोस.

सही: मो. ग. कासार
शॉमबर्ग, २३ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार:
१. विनीता राजवाडे
२. गुरुनाथ शेवडे (काका, वड्यांचे गमतीने म्हणालो होतो. मार्चमध्ये मी स्वतः तिथे खुर्ची टाकून बसेन.)